रांगोळीने आखलेला हॉल

कर्वेनगरात माझी आई राहते त्या सोसायटीत चौसष्ट बिऱ्हाडं आहेत आणि तळमजल्यावर एक हॉल आहे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, शेजारी दहा बाय नऊची स्टोअर रूम. किल्ली वॉचमनकडे. हॉल उघडला की समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांचे तिरके मनोरे, मोडका कॅरम बोर्ड, गणपतीच्या मखराच्या फळ्या, कुणाच्या तरी लग्नातून उरलेली कनात आणि बंदी येण्याच्या आधीचे थर्माकोलचे खांब. सर्वसाधारण सभा आणि गणपती सोडले तर तिथे वर्षभर कुणी फिरकत नसे.

सेक्रेटरी काका एका संध्याकाळी आईकडे आले आणि मला म्हणाले, "तू एवढी आर्किटेक्ट आहेस, आपला हॉल जरा नीट करून दे. मल्टिपर्पज कर." मी विचारलं, "कशाकशासाठी?" ते म्हणाले, "सगळ्यासाठी."

मी सवयीप्रमाणे एक फॉर्म तयार केला आणि घरोघर वाटला. हॉलमध्ये काय हवं, किती वेळा वापराल, सूचना असल्यास लिहा. चौसष्टपैकी एक्केचाळीस परत आले. बहुतेकांनी एसी मागितला होता, काहींनी स्टेज, काहींनी टेबल टेनिस, तिघांनी प्रोजेक्टर. मंगल कार्यालयात किंवा नव्या टॉवरच्या क्लब हाउसमध्ये जे पाहिलं होतं, तेच सगळ्यांनी लिहिलं. चूक माझी होती. 'काय हवं' असं विचारलं की माणूस दुसरीकडे पाहिलेलं आठवून सांगतो. स्वतःचा दिवस कसा जातो आणि त्यात कुठे अडतं, हे त्या चौकटीत कुणी भरत नाही.

म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवले आणि दोन आठवडे नुसती बसले. माझ्या ऑफिसातली शिकाऊ मुलगी आणि मी, आळीपाळीने, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत. हातात शंभर पानी वही. कोण, कुठे, किती वाजता, किती जण, काय काय घेऊन आले, जाताना ते कुठे ठेवलं.

सकाळी साडेसहाला चौदा ते अठरा ज्येष्ठ मंडळी योगासनं करत, पण पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या फरशीवर. हॉल रिकामा करायलाच अर्धा तास जाई, त्यामुळे त्यांनी तो नाद कधीच सोडला होता. त्यातल्या एका आजींना खाली बसता येत नाही. त्यांची खुर्ची नातू रोज दुसऱ्या मजल्यावरून आणायचा. त्याची परीक्षा असली की आजींचा योग बंद. गुरुवारी संध्याकाळी अकराजणींचं भजनी मंडळ असे, दर वेळी वेगळ्या घरी. पेटी लिफ्टमधून, तबला-डग्गा कडेवर, टाळ पिशवीत. रात्री साडेनऊनंतर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी तीन मुलं जिन्याच्या चौकात, ट्यूबलाइटखाली. घरी टीव्ही चालू असतो आणि पेठेतल्या अभ्यासिकेची महिन्याची फी परवडत नाही.

आणि दुपारी एक वाजता जिन्याखाली चारजणी जेवत. सोसायटीत धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या. जिन्याच्या उताराखाली जेमतेम साडेचार फुटांची उंची, एका बाजूला मीटरचा बोर्ड. मान पुढे काढून, ओळीत बसून त्या डबे उघडायच्या. भाकरी, ठेचा, कधी वाटून घेतलेलं वरण. कुणी मीटरकडे आलं की पाय जवळ घ्यायच्या, माणूस गेला की पुन्हा पसरायच्या. मी बघत होते त्या वीस मिनिटांत तीनदा पाय जवळ घेतले. एकीने विचारलं, "ताई, काय लिहिताय?" मी सांगितलं, हॉल कसा करायचा ते ठरवतेय, म्हणून कोण कुठे काय करतं ते टिपतेय. ती म्हणाली, "मग आमचं पण लिहिणार का?" मी वही पुढे केली. तिने वाचलं नाही, नुसती मान हलवली आणि डबा धुवायला उठली. धुवायचा कुठे, तर बागेच्या नळावर.

एक्केचाळीस फॉर्ममध्ये त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. दिवसातून सर्वात नियमितपणे तळमजला वापरणाऱ्या त्याच होत्या.

माझं बालपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. आजोबांकडे भाड्याच्या दोन खोल्या आणि चौकाला लागून पडवी. ती पडवी म्हणजे सहा फूट रुंदीचा एक पट्टा. सकाळी तिथे आजोबांची पूजेची फुलं निवडली जात, मग आम्हा मुलांचा अभ्यास, दुपारी आजी आणि शेजारणी पापड लाटत, संध्याकाळी शुभं करोति, रात्री सातजणांची अंथरुणं. पाहुणे आले की तिथेच पंगत. आज मी त्याच पट्ट्याचं मोजमाप काढते तेव्हा कळतं, भिंत एकही हलत नव्हती. हलत होत्या त्या वस्तू, आणि प्रत्येक वस्तूला परत जायला हक्काची जागा होती. वळकट्या माळ्यावर, पाट भिंतीशी उभे, लाटणी-पोळपाट फडताळात, दप्तरं खुंटीला, समई कोनाड्यात. पंगतीची पडवी निजायची व्हायला आजीला पाच-सात मिनिटं लागत असतील. खाट-कपाट काही नसल्यामुळे जागा मोकळी राहत होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे जाड भिंतीतले कोनाडे आणि फडताळं त्या मोकळेपणाचा भार उचलत होती. वाडे पडले, फ्लॅट आले, भिंती चार-सहा इंचांच्या झाल्या आणि हे सगळं पोटात घेणारी जाडीच गेली.

हे मला आज सुचतंय असं म्हणायला हवं, कारण त्या वेळी मी आधी दुसऱ्याच वाटेने गेले. कॉलेजात आम्हाला बदलती जागा शिकवली ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या श्रोडर हाउसवरून. वास्तुकार खेरिट रिटफेल्टचं १९२४ मधलं घर. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती. दिवसा एक मोठं दालन, रात्री वेगवेगळ्या खोल्या. त्या नकाशावर माझा जीव होता. त्यामुळे हॉलच्या पहिल्या आराखड्यात मी मधोमध सरकतं पार्टिशन घातलं, आवाज अडवणारं, छतापर्यंतचं.

पार्टिशन विकणाऱ्यांच्या शोरूमला मी एकटी गेले नाही, हे एक बरं केलं. योगवर्गातले दोघे आणि भजनी मंडळातल्या दोघी बरोबर होत्या. एकेक पॅनेल ऐंशी किलोच्या घरात, तरी वरच्या रुळावर छान सरकत होतं. विक्रेता म्हणाला, एका हाताने होतं. तेवढं खरं होतं. पण आवाज अडायचा तर प्रत्येक पॅनेल जागेवर आल्यावर त्याच्या कडेला हँडल घालून फिरवावं लागतं, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्या बाहेर येऊन फट बंद होते. अशी सात पॅनेल. उघडताना पुन्हा सातही. भजनी मंडळातल्या काकूंनी एक हँडल फिरवून पाहिलं, हात झटकला आणि विचारलं, "हे रोज कोण करणार?"

पुढचे आठ महिने मी प्रत्येक रेघ मारताना हा प्रश्न विचारला. श्रोडर हाउसच्या भिंती सरकत राहिल्या, कारण त्या घराची मालकीण ट्रूस श्रोडर स्वतः रिटफेल्टबरोबर आराखड्याला बसली होती आणि १९८५ मध्ये वारेपर्यंत त्याच घरात राहिली. भिंत सरकवणारे हात आणि भिंत मागणारं डोकं एकाच माणसाचं होतं. आमच्या हॉलला तशी मालकीण नव्हती. चौसष्ट घरं, दोन वॉचमन आणि वय वर्षं सहा ते शहाऐंशी. पार्टिशन रद्द झालं.

स्टोअर रूमची भिंत पाडून हॉल मोठा करायचा, हाही माझ्या पहिल्या आराखड्याचा भाग होता. वही पुन्हा वाचली तेव्हा उलट दिसलं. त्या मुलांना शांतता हवी होती, आणि शांततेला विटांची भिंत लागते. पडदा नजर अडवतो, आवाज नाही. गुरुवारी भजन आणि अभ्यास एकाच वेळी व्हायचे तर ती भिंत ठेवायलाच हवी होती. सगळंच बदलतं ठेवायच्या हौसेत मी नेमकी उपयोगाची भिंत पाडायला निघाले होते.

मग ठरलं ते असं. हॉलच्या एका लांब भिंतीला तीस फूट सलग, दोन फूट खोल कपाट. बाकी अठरा फूट पूर्ण मोकळं, एकही कायमची वस्तू नाही. छताला एक रूळ, त्यावर जाड सुती पडदा, म्हणजे हवा तेव्हा एक तृतीयांश भाग वेगळा होईल. स्टोअर रूमची सहाजणांची अभ्यासिका.

कागदावर हे कुणाला कळेना. नकाशा वाचता येणं ही शिकलेली गोष्ट आहे, आणि न कळलेल्या नकाशाला माणसं संकोचाने 'छान आहे' म्हणतात. म्हणून एका रविवारी सकाळी पार्किंगमधल्या सहा गाड्या बाहेर काढायला लावल्या आणि फरशीवर सुतळी धरून, रांगोळीने पूर्ण मापाचा हॉल आखला. तीन किलो रांगोळी लागली. भिंतीची दुहेरी रेघ, दारं, कपाटाचे कप्पे. कपाटाच्या जागी फ्रिज आणि वॉशिंग मशीनची रिकामी खोकी उभी केली. आईने कोपऱ्यात सवयीने एक छोटं कमळ काढलं, ते पुसू दिलं नाही.

आणि सगळ्यांना सांगितलं, आता दिवस जगून दाखवा. योगवर्ग सतरंज्या घेऊन आला. मग म्हटलं, आता सभा आहे, साठ खुर्च्या लावा. मोबाइलवर घड्याळ लावलं. सव्वीस मिनिटं. का, तर सगळ्या खुर्च्या मी कपाटाच्या एका टोकाला ठेवल्या होत्या आणि सतरंज्या त्यांच्याच शेजारी. ठेवणारे आणि काढणारे एकमेकांवर आदळत होते. खोकी हलवली, खुर्च्या दोन टोकांना, सतरंज्या मध्ये. पुन्हा केलं. अकरा मिनिटं. खुर्च्यांच्या चळतीखाली चाकाची ढकलगाडी असेल तर किती, म्हणून भाजीवाल्या दादांची छोटी हातगाडी मागून आणली. नऊ मिनिटं. लोक हसत होते, घामाघूम झाले होते आणि पहिल्यांदाच आराखड्यावर भांडत होते. मला हेच हवं होतं.

व्हीलचेअरवरचे एक आजोबा रांगोळीच्या दारातून आत आले आणि पडद्याच्या रेघेपाशी अडकले. वळायला पाच फुटांचा मोकळा गोल लागतो, तो मी नकाशात दाखवला होता, पण खुर्च्या मांडल्यावर तो बुजत होता. तिथल्या दोन रांगा कमी केल्या. दार तीन फूट मोकळं मिळेल असं धरलं. बाहेरच्या नऊ इंचांच्या पायरीला एकास बाराच्या उताराने नऊ फुटांचा रॅम्प लागणार होता. रांगोळीने आखला तर तो नेमका एका कायमच्या पार्किंगवर आला. त्या काकांनी जागा बदलायला महिनाभर घेतला, पण दिली.

सभा सप्टेंबरमध्ये झाली. विरोध अपेक्षेप्रमाणे कपाटालाच. "सहाशे चौरस फुटांतले साठ तुम्ही कपाटाला घालणार?" मी हॉलमधल्या अडगळीचं मोजमाप घेऊन गेले होते. खुर्च्या, फळ्या, कनात मिळून आज दीडशे चौरस फूट जागा अडलेली होती. ते वाचून दाखवल्यावर प्रश्न संपला. दुसरा प्रश्न अवघड होता. दुपारी साडेबारा ते अडीच अभ्यासिका रिकामी असते, मुलं कॉलेजात किंवा कामावर असतात; त्या वेळात ती कामवाल्या मावश्यांना जेवायला द्यावी आणि तिथे एक सिंक बसवावं, असं मी लिहिलं होतं. एक गृहस्थ म्हणाले, मग उद्या कुणीही येईल. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी योगवर्गाच्या त्या आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कुणीही कसं येईल? या आपल्या घरात रोज येतात. स्वयंपाकघरात येतात." मतदान झालं. चारच मतांनी मंजूर झालं, पण झालं.

कामाला साडेतीन महिने लागले. त्यातल्या सुतारकामावर मी सर्वात जास्त वेळ दिला. कप्पे सरधोपट समान केले नाहीत. आधी प्रत्येक वस्तू मोजली. सतरंजीची गुंडाळी एक फूट जाड आणि पाच फूट लांब, म्हणून तो कप्पा आडवा. पेटी जड, म्हणून तिचा कप्पा कमरेच्या उंचीवर. साठीच्या बाईला वाकूनही उचलावी लागू नये आणि वर हातही न्यावा लागू नये. गुडघा ते खांदा या पट्ट्यात रोजचं, त्याच्या वर वर्षातून एकदा लागणारं मखर, खाली चाकांवरच्या खुर्च्या. आजींची आसनाची खुर्ची दाराजवळच्या पहिल्या कप्प्यात, एकटीच.

चार कप्पे मी मुद्दाम रिकामे आणि बिननावाचे सोडले. पुण्यातच १९२७ साली जन्मलेल्या वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत घरं पूर्ण बांधून दिली नाहीत. जोतं आणि पाणी-संडासाची सोय दिली, पुढचं लोकांनी ऐपतीप्रमाणे वाढवलं. त्या कामाचा माझ्यावर फार परिणाम आहे. आपल्याला आज न दिसलेली गरज उद्या येणारच. तिच्यासाठी जागा सोडणं हेही डिझाइनचंच काम आहे, आणि ते सोडताना हात आवरावा लागतो.

दिव्यांच्या चार वेगळ्या जोडण्या केल्या. शवासनाला मंद, भजनाला मध्यम, अभ्यासिकेच्या टेबलांवर वाचायला पुरेल असा तीनशे लक्सचा उजेड (लक्स हे उजेड मोजायचं माप). बटणांवर क्रमांक न घालता 'योग', 'सभा', 'भजन', 'सगळे' असं लिहिलं. प्लग दर सहा फुटांवर, म्हणजे वायर जमिनीवरून ओढायला नको. फरशी मॅट, ओल्या पायाने घसरणार नाही अशी. छताच्या एक तृतीयांश भागाला लाकडी तंतूंचे बोर्ड लावले. आधी टाळांचा आवाज इतका घुमायचा की शब्द कळत नसत.

एक चूक लगेच उघडी पडली. खुर्च्यांच्या ढकलगाड्यांना मी दोन इंची चाकं घातली होती. फरशीच्या सांध्यात अडकून गाडी एकदम थबकायची, आणि पहिल्याच आठवड्यात एक चळत कलंडली. सुदैवाने जवळ कुणी नव्हतं. रात्री झोप लागली नाही मला. चार इंची रबरी चाकं घातली, दोन चाकांना ब्रेक, आणि चळत दहा खुर्च्यांच्या वर रचायची नाही असा पट्टा कपाटाच्या आत रंगवला.

दुसरी गोष्ट मला मावश्यांनी शिकवली. अभ्यासिकेत टेबलं आहेत, तर त्या टेबलावर जेवतील असं मी धरून चालले होते. सिंक बसल्यावर त्यांना दाखवायला नेलं. छान आहे म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने एकीने हळूच सांगितलं, "ताई, सकाळपासून उभ्याच असतो. खाली पाय पसरून बसलं की बरं वाटतं." मग टेबलं बिजागरीवर घेतली, भिंतीला टेकून खाली पडतील अशी. एकेक टेबल उचलायला हलकं, तीन बोटांची खिट्टी. दुपारी भिंत, रात्री टेबल. मूळ आराखड्यापेक्षा ही खोली कितीतरी बरी झाली.

दीड वर्षानंतर मी तीच वही घेऊन पुन्हा चार दिवस बसले. आमच्या धंद्यात इमारत ताब्यात दिली की फोटो काढून निघून जायची पद्धत आहे. लोक ती प्रत्यक्षात कशी वापरतात हे बघायला फार थोडे परत जातात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

योग ते सभा आता सात मिनिटांत होतं. गणपतीचे दहा दिवस मखर पडद्यामागच्या भागात असतं आणि योगवर्ग बाकीच्या भागात चालू राहतो. दारापाशी कुणीतरी पाटी टांगली आहे, तिच्यावर खडूने आठवड्याचं वेळापत्रक. बिननावाचे चारही कप्पे भरलेत: एकात रक्तदाब मोजायचं यंत्र आणि वजनकाटा, एकात मुलांचे बुद्धिबळाचे पट, एकात वाचून झालेली पुस्तकं, आणि सिंकच्या सर्वात जवळच्या कप्प्यात चार स्टीलचे डबे आणि एक लोणच्याची बरणी. त्या कप्प्यावर कुणीही नाव लिहिलेलं नाही.

पडदा मात्र फसलाय. तो मी पंख्याच्या फार जवळ घेतला. पंखा चालू झाला की पडदा फुगतो आणि पलीकडच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यावर येतो, म्हणून लोकांनी तो सुतळीने बांधून ठेवलाय. उन्हाळ्यात तो असून नसल्यासारखाच. रूळ अठरा इंच पुढे घ्यायचा आणि पडद्याच्या खालच्या शिवणीत वजनाची साखळी घालायची, असं भजनी मंडळातल्या काकूंशी बोलून ठरवलंय. शिवण त्या स्वतः उसवून देणार आहेत. सुतार रविवारी येतोय.